उंबरठा

जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) मी माळशिरसला शेजारणींसोबत दूरदर्शन संचावर पाहिला. सुलभाचे घर सुखवस्तू. पती सुभाष व्यसनी नाही, क्रूर नाही. परंतु तिच्या शिक्षणाला त्या घरात काम नव्हते. म्हणून ती दूरच्या महिला सुधारगृहाची अधीक्षिका होते. परतल्यावर पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली कळते आणि ती पुन्हा घर सोडते.

"काय कमी होतं हिला?" एका काकूंनी विचारले. कोणीच बोलले नाही.

आमच्या गावावरून दरवर्षी माउलींची पालखी जाते. घरदार मागे ठेवून वारीत चालणाऱ्या बायांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. देवासाठी ओलांडलेला उंबरठा पुण्य देतो. स्वतःसाठी ओलांडलेला मात्र जाब मागतो.