बारवीचें पावसाळी रान

अरण्यशोभा पाहावयाची तर मलबारच गांठला पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. आम्ही मात्र श्रावणांत कल्याणाहून कर्जतच्या गाडीनें निघालों. सिंधी निर्वासितांच्या ज्या छावणीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, ती आतां गजबजलेली नगरी मागें टाकून अंबरनाथास उतरलों. शके ९८२ मधील तेथील शिवालय आजहि मन वेधून घेतें. परंतु शेजारची वालधुनी सांडपाण्यानें काळवंडलेली पाहून जीव हळहळला.

बदलापुराहून बारवी धरणाकडे वळतांच देखावा पालटला. साग, ऐन, कुडा न्हाऊन उभे होते. रानाच्या कडेच्या एका कौलारू घरीं मुक्काम केला. तांदळाची भाकरी व टाकळ्याची भाजी पुढें आली. पहांटे शीळकरी कस्तुराच्या शिळेनें जाग आली.

हें कांहीं सदाहरित वर्षावन नव्हे. उन्हाळ्यांत सागाचीं पानें गळतात. तसलें रान भीमाशंकराच्या माथ्यावर आढळेल. तरीहि ह्याची योग्यता थोडी नाहीं. १९७२ मध्यें पुरें झालेल्या ह्या धरणाचें पाणी खालच्या नगरांच्या नळांस येतें, आणि डोंगरउतारावरील माती धरून ठेवतात तीं हींच झाडें. धरणाची उंची वाढतांना येथील कांहीं पाडे पाण्याखालीं गेले, हेंहि विसरतां येत नाहीं.

वाचकांनीं मुलाबाळांसह येथें अवश्य यावें. मात्र कोंडेश्वराच्या डोहांत उतरूं नये, आणि रानांत केरकचरा मागें ठेवूं नये. वालधुनीचें जें झालें, तें बारवीचें होऊं नये, एवढीच इच्छा.