तिरपा खिसा

हिमरूच्या जाकिटाला छातीवर खिसा हवाच, आणि तो मुंढ्याकडे अर्धा इंच चढता हवा. सरळ खिसा छातीवर पाटी ठोकल्यासारखा दिसतो. चढता खिसा खांद्याचा उतार सांभाळून घेतो आणि बेताच्या अंगाचा माणूसही ताठ दिसतो. खादी किंवा टेरिकॉट कापणाऱ्याला यात काही अवघड वाटणार नाही. हिमरू कापणाऱ्याला मात्र त्या अर्ध्या इंचाची धास्ती असते.

या कापडाचा उभा धागा सुती आणि आडवा रेशमी, आता बहुधा आर्ट सिल्कचा. बुट्टीचा रंगीत धागा बुट्टीपुरता वर येतो आणि पुढच्या बुट्टीपर्यंत पाठीमागून सैल धावतो. हिमरूचा मऊपणा त्या सैल धाग्यांतच आहे. खिशाची चीर आडवी, धाग्याच्या बाजूने गेली तर फारसं बिघडत नाही. ती तिरपी गेली की थोड्या थोड्या अंतरावर धागे तुटत जातात. इस्त्री करून जाकीट हातात देताना काही कळत नाही. पुढे मोबाइलच्या ओझ्याने ओढ बसते आणि खिशापासून चांगली लांबची बुट्टी पाकळीपाकळीने ढिली होऊ लागते. गिऱ्हाईक म्हणतं, कापडच वाईट.

म्हणून बहुतेक शिंपी नुसती पट्टी लावतात. खिसा दिसतो, पण बोट आत जात नाही. शहरातल्या शोरूममध्ये मिलचं जरीकापड हिमरू म्हणून खपवतात, त्यावरही हीच पट्टी असते. मला हे पटत नाही. तासाभराच्या लग्नाला खिशावाचून चालेल. पण अजिंठ्यात माझ्याकडे येतात ते शाळेतले गुरुजी, लेण्यांवरचे गाइड, बँकेतला एखादा साहेब. त्यांना पेन ठेवायचं असतं, चष्मा ठेवायचा असतो. खिसा खोटा निघाला की जाकीट कपाटात जातं आणि वर्षातून एकदा बाहेर येतं. कापड रोज अंगावर चढलं तरच टिकतं, असं माझं ठाम मत आहे.

निजामाच्या राज्यात उमराव हिमरूच्या शेरवान्या घालत. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या आणि शेरवानीचं ते गिऱ्हाईकही गेलं. विणकर शालीवर आले, कारण पर्यटक शाल घेतो. शालीला कातर लागत नाही. तिथून या कापडाचा आणि शिंप्याचा संबंध सुटत गेला, आणि हिमरू कसं कापायचं हे ठाऊक असलेले हात कमी झाले. मशरूही दख्खनमध्ये विणलं जाई, पण त्याची आतली बाजू गुळगुळीत सुती. पुरुषाच्या अंगाला रेशीम लागू नये या धर्मनियमातून ते विणकराने असं काढलं. मशरूत शिंप्याची सोय आपोआप झाली, हिमरूत ती शिंप्याला स्वतः करावी लागते.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी माणसं रंगवली आहेत, टोपीवाली, शिवलेल्या अंगरख्यातली, पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेली. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने शिवण नीट पाहिली होती. दर वेळी मी मान वर करून बाह्या आणि गळा बघतो. खिसा मला कुठेच दिसला नाही.

गेल्या वर्षापासून माझी नजर मंदावली. गडद कापडाच्या पाठीवर कुठला धागा कुठल्या बुट्टीचा, हे दिव्याखालीही उमगेना. सिल्लोडला शिवणाचा कोर्स करून आलेल्या पुतणीच्या हाती कातर दिली. तिने पहिल्याच दिवशी मार्ग सांगितला. "काका, अख्ख्या पाठीला फ्युजिंग चिकटवू. मग कसंही कापा." फ्युजिंगने धागा सुटत नाही, हे खरं आहे. पण कापडाची पाठ गुदमरते आणि मे महिन्यात जाकीट अंगाला चिकटतं. मी नाही म्हटलं. आमच्यात अबोला झाला.

मग तिने जे केलं ते मला सुचलं नव्हतं. खडूने चिरेची रेघ आखली आणि कापड उलटं मांडीवर घेतलं. न बघता, बोटांनी चाचपत, रेघ ओलांडणारा एकेक सैल धागा तिने शोधला. रेघेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकाला बारीक टाका घालून तो जमिनीच्या, म्हणजे मूळ कापडाच्या, विणीला बांधला, मगच कातर लावली. चढ पूर्ण अर्धा इंच होता. माझ्या खिशाहून तो सरस उतरला, आणि ते कबूल करायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागला.

वेळ मात्र फार जातो. म्हणून मी शहरातल्या एका विणकराला गाठलं. म्हटलं, छातीच्या उंचीवर दोन बोटं बुट्टी सोडून द्या, नुसती जमीन विणा, म्हणजे तिरपी चीर तेवढ्यात बसेल. तो म्हणाला, "उंची माणसागणिक वेगळी. मग माप आधी द्या, कापड नंतर." बरोबर बोलला. आता एका गुरुजींचं माप आधी घेऊन त्याला दिलं आहे. मागावर कापड चढायच्या आधीच खिशाची जागा ठरली, असं आमच्या दुकानात पूर्वी कधी झालं नव्हतं.

उरलेल्या तुकड्यांतून पुतणी चष्म्याची घरं शिवते, ती हातोहात जातात. लोक तिचं कौतुक करतात, आणि ते मला रुचतंही, सलतंही. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहून खिशात हात घालतं, तेव्हा मी काउंटर सोडून पुढे येतो. ते पहिलं "वा" आपल्या कानावर पडावं, अशी हाव सुटत नाही. गुरुजींचं जाकीट तीच बेतणार, तीच शिवणार. खडूची तिरपी रेघ मात्र मी ओढणार आहे, हे मी तिला आधीच बजावून ठेवलं आहे.