धामणगावची शेते आणि भास्कराचार्यांचा कर्ण

वऱ्हाडात धामणगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी मुंबई-नागपूर लोहमार्गावर वसलेले ते ‘धामणगाव रेल्वे’. स्टेशनाबाहेर पडून शिवाराच्या वाटेस लागावे, तो दोहों बाजूंस काळी कसदार जमीन आणि तीत कपाशी-तुरीची शेते पसरलेली दिसतात. दुरून ती सारी चौकोनी भासतात. परंतु धुऱ्यावरून चालू लागले म्हणजे ध्यानात येते, की काटकोन असा क्वचितच एखाद्या कोपऱ्यास सापडतो.

एकत्र कुटुंबात वाटणीचा प्रसंग आला, की हा वाकडेपणा महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ ठिकाणी घरगुती हिशेब असा करतात: समोरासमोरच्या धुऱ्यांची सरासरी घ्यावयाची आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करावयाचा. हिशेब सोपा खरा. पण तो भावाभावांत वैर लावू शकतो.

समजा, एका शेताचे चारही धुरे 25 काठ्यांचे आहेत. वरील रीतीने क्षेत्रफळ 625 चौरस काठ्या होईल. शेत काटकोनी असेल तर ते बरोबर. पण तेच चार धुरे किंचित कलते असून एक कर्ण, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा, 30 भरला, तर दुसरा 40 भरतो आणि क्षेत्रफळ 600 उरते. कर्ण 14 व 48 असतील, तर अवघे 336! धुरे तेच, बेरीज तीच. मात्र ज्याच्या वाट्यास असे शेत आले त्याची जवळजवळ निम्मी जमीन कागदावरच राहिली.

हे उदाहरण आमचे नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यास आचार्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्यास त्याहूनही मोठे पिशाच! त्रिकोणाचे तसे नाही. त्याच्या तीन बाजू ठरल्या, की आकार ठरला. म्हणून शेतास कितीही कोपरे असोत, एका कोपऱ्यातून कर्ण काढून त्याचे त्रिकोण पाडावे. चौकोनाचे दोन, पंचकोनाचे तीन, षट्कोनाचे चार. मोजणीदाराची जुनी शंकू-साखळी मात्र पायारेषेवर लंब टाकून काटकोनी त्रिकोण व समलंब चौकोन पाडण्याच्या तत्त्वावर चालत असे.

धामणगावच्या स्टेशनावरून या विद्येच्या दोन तीर्थांकडे जाता येते. पश्चिमेस भुसावळ ओलांडून चाळीसगावास उतरावे. तेथून जवळच पाटण येथे 1207 सालचा शिलालेख आहे. आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा त्यात उल्लेख आहे. पूर्वेस वर्धा नदी ओलांडून, पुलगावावरून वर्ध्यास जावे व तेथून बल्लारशाच्या फाट्याने हिंगणघाट गाठावे. 1802 मध्ये मद्रासेजवळ एक पायारेषा साखळीने मोजून, पुढे मुख्यतः कोन मोजीत त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेणारा विल्यम लॅम्टन तेथेच 20 जानेवारी 1823 रोजी वारला. एक बाजू व कोन कळले, की उरलेल्या बाजू त्रिकोणमितीने निघतात. साखळी प्रत्येक डोंगरावरून ओढावी लागत नाही.

आपल्या शेतास एवढ्या सामग्रीची गरज नाही. वाटणीपत्रावर सह्या करण्यापूर्वी चार धुऱ्यांबरोबर एक कर्णही मोजून घ्यावा. दोघांनी दोरी धरली, की अर्ध्या घटकेचे काम.