पाठीवरची बारीक अक्षरे

साहित्याच्या अभ्यासकांनी शाम्पूच्या बाटलीवर लिहावे काय, असा प्रश्न इथल्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, ज्या वस्तूवर अक्षरे छापलेली आहेत आणि ज्या अक्षरांवर विसंबून माणसे निर्णय घेतात, ती वस्तू भाषेच्या अभ्यासकाला परकी नसते. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. पदवीच्या वर्गाला उपयोजित मराठीतील जाहिरातलेखनाचा भाग आमच्याकडे आहे. त्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना घरातील शाम्पू, बाळाची पावडर, तेल, साबण यांची वेष्टने आणायला सांगितली. विशेषणांचा वापर तपासावा, एवढाच मूळ हेतू होता.

वेष्टनांवर दोन संहिता निघाल्या. समोरची संहिता विशेषणांची: सौम्य, कोमल, नैसर्गिक, निर्मळ. मागची संहिता केवळ नामांची. तिच्यात क्रियापद नाही, विशेषण नाही, वाक्यच नाही; स्वल्पविरामांनी जोडलेली लांबलचक रासायनिक नावे आहेत, आणि तीही इंग्रजीत. समोरची संहिता वाचकाला आर्जवाने बोलावते, मागची त्याला वाचक मानतच नाही. वस्तू बाळाच्या अंगाला लागते ती मात्र मागच्या संहितेतली. मोठ्यांच्या मानाने बाळाची त्वचा नाजूक, आणि वजनाच्या तुलनेत तिचे क्षेत्रफळ अधिक. म्हणून त्वचेवाटे आत जाणाऱ्या द्रव्याचा हिशेब बाळाच्या बाबतीत वेगळा करावा लागतो.

ही मागची संहिता वाचण्याचे काही संकेत आहेत. भारतातील नियमानुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने. म्हणजे काही अंतरापर्यंत क्रमाला अर्थ असतो, पुढे तो संपतो, आणि तो नेमका कुठे संपला हे सांगणारे विरामचिन्ह नसते. समोर जिचे हिरवेगार चित्र असते ती कोरफड पुष्कळदा याच शेपटात सापडू शकते. टिकवणारी द्रव्येही बहुधा इथेच असतात. त्यांच्यावाचून चालत नाही, कारण पाणी असलेल्या वस्तूत जंतू वाढतात, आणि जंतू वाढलेला शाम्पू बाळाच्या डोळ्यांत जाणे हाही धोकाच आहे.

याच टिकवणाऱ्या द्रव्यांतील पॅराबेनांची कथा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. 2004 साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींचे 20 नमुने तपासले, आणि त्यांत पॅराबेन आढळल्याचे प्रसिद्ध केले. निरोगी ऊतींशी तुलना त्या अभ्यासात नव्हती. पॅराबेन गाठीत सापडले, एवढेच विधान होते. पॅराबेनमुळे गाठ झाली, असे नव्हे. 'मध्ये' आणि 'मुळे' या दोन शब्दांतील अंतर आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. लोकांच्या बोलण्यात ते अंतर पाहता पाहता बुजले, आणि बाटल्यांच्या दर्शनी भागावर 'पॅराबेनमुक्त' हे नवे विशेषण अवतरले.

वस्तुतः पॅराबेन हे एका द्रव्याचे नाव नव्हे, ते कुलनाम आहे. युरोपीय संघाने 2014 साली त्या कुळातील पाच द्रव्यांवर बंदी घातली. प्रोपिल आणि ब्युटिल या दोघांवर, तीन वर्षांखालील बाळाच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवण्याच्या प्रसाधनांपुरती बंदी आणली. मिथिल आणि इथिल यांना ठरावीक प्रमाणात मुभा राहिली. कोणते द्रव्य, किती, शरीरावर कुठे, धुऊन टाकायचे की लावून ठेवायचे, कोणत्या वयाला, असे पाच प्रश्न त्या निर्णयात आहेत. 'मुक्त' या एका प्रत्ययवजा शब्दात त्यांपैकी एकही नाही.

पुढचा भाग अधिक बोचरा आहे. पॅराबेन नको झाले तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या द्रव्यांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे एक होते. ते शाम्पूंत आले, तसेच बाळाचे अंग पुसण्याच्या ओल्या कागदी रुमालांतही आले. काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण वाढू लागले. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2013 सालासाठी त्याला 'वर्षाचे ॲलर्जीकारक' ठरवले. युरोपीय संघाने 2017 पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली, आणि 2018 पासून धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत त्याची मर्यादा 0.0015 टक्क्यांवर आणली. एका शब्दाच्या भयाने माणसे दुसऱ्या, अनोळखी शब्दाच्या हाती गेली. त्या बाटल्यांवर 'पॅराबेनमुक्त' लिहिले होते ते खोटे नव्हते. वाचन मात्र अर्ध्यावर थांबले होते.

मग यादी शेवटपर्यंत वाचली की काम झाले काय? तसेही नाही. यादीच्या मौनाचेही प्रकार आहेत. पहिला प्रकार एकाच शब्दात पुष्कळ दडवण्याचा. 'सुगंध' हा तो शब्द. त्याच्या पोटात कितीतरी द्रव्ये असू शकतात. युरोपीय संघाने 2003 साली त्यांतील 26 द्रव्ये ठरावीक प्रमाणापुढे नावानिशी लिहिण्याची सक्ती केली आणि 2023 साली ही संख्या 80 च्या पुढे नेली. त्यांतील लिंबाच्या सालीतले लिमोनीन आणि लव्हेंडरमधले लिनॅलूल अगदी निसर्गातले आहेत. नैसर्गिक आणि निरुपद्रवी हे समानार्थी शब्द नव्हेत. आजीच्या बटव्यालाही हे लागू आहे. बाळगुटीतील वेखंडाच्या बीटा-ॲसरोन या घटकाने प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोग झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने 1968 साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. आणि गॅलेना या खनिजापासून केलेला सुरमा म्हणजे तर शिशाचेच संयुग.

दुसरा प्रकार, जे मुद्दाम घातलेले नाही त्याविषयीच्या मौनाचा. फेसासाठी वापरले जाणारे सोडियम लॉरेथ सल्फेट तयार होताना 1,4-डायॉक्सेनचा अंश मागे राहू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहे. तो घटक नव्हे, अशुद्धी आहे. म्हणून यादीत येत नाही. 1972 साली फ्रान्समध्ये मोरांज नावाच्या बाळपावडरीत कारखान्यातील चुकीने हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. 204 मुले आजारी पडली, त्यांपैकी 36 दगावली. आपल्याकडे मार्च 2013 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड येथील कारखान्याचा प्रसाधनांचा परवाना रद्द करण्याचा आदेश काढला. 2007 सालच्या बाळपावडरीच्या 15 तुकड्या इथिलीन ऑक्साइड या वायूने निर्जंतुक केल्या होत्या, आणि वायूचा अंश उरला नाही याची तपासणी झाली नव्हती, असे प्रशासनाचे म्हणणे होते. पुढे तेथील उत्पादन पुन्हा सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी ग्राहकाने कितीही डोळे ताणून वाचले असते तरी काही उमगले नसते. तिथे वाचक एकटा पुरत नाही. प्रयोगशाळा, निरीक्षक आणि शासन यांनी वाचावे लागते.

तिसऱ्या प्रकारचे मौन आम्हांला एका विद्यार्थिनीने दाखवले. ती सात महिन्यांच्या मुलीची आई. मुलीच्या गालांवर आणि कोपरांच्या खाचांत लाल चट्टे उठत होते. डॉक्टरांनी घरात वापरता ते सारे घेऊन या म्हणून सांगितले होते. इतरांनी बाटल्या आणल्या, तिने शाम्पूची पुडी आणली होती. "मॅडम, सगळ्यांच्या बाटल्यांवर मागे नावे आहेत. माझ्या पुडीवर नाहीतच. मी डॉक्टरांना काय दाखवू?"

तिच्या पुडीवर काही दडवलेले नव्हते. नियमच तसा आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार घटकांच्या यादीची सक्ती 60 मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि 30 ग्रॅमपेक्षा कमी घन वा अर्धघन पदार्थांच्या वेष्टनांना नाही. लहान वेष्टनावर जागा नसते, हे कारण समजण्यासारखे आहे. पण रुपया-दोन रुपयांची पुडी कोण घेते, हेही समजण्यासारखे आहे. मोठी बाटली परवडणाऱ्याला जाणून घेण्याचा हक्क, आणि रोजच्या कमाईतून रोजची पुडी घेणारीला तो नाही, अशी ही विभागणी आहे. तिच्यामागे कोणाचा दुष्ट हेतू असेल असे आम्हांला वाटत नाही. पण जी विषमता कोणाच्या मनात नसताना कागदावर उतरते, ती अधिक टिकाऊ असते.

आणि यादी छापली तरी ती कोणत्या भाषेत? वेष्टनावरील सक्तीच्या तपशिलासाठी आपल्याकडे हिंदी किंवा इंग्रजी पुरते. समोरची विशेषणे मात्र मराठी जाहिरातींतून मराठीत ऐकू येतात. भुलवण्याची भाषा मातृभाषा आणि सावध करण्याची भाषा परकी, ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकांना अस्वस्थ करायला पुरेशी असावी. आपण भाषेच्या अभिजातपणाविषयी पुष्कळ बोलतो. लेकराच्या अंगाला काय लावतो आहोत हे आईला तिच्या भाषेत कळणे, ही त्याच भाषेची साधी कसोटी आहे.

आता जाहिरातलेखनाच्या भागात आम्ही एक स्वाध्याय वाढवला आहे. विद्यार्थी मागच्या बाजूची यादी घेतात आणि नुसते प्रतिशब्द न देता क्रियापद असलेली मराठी वाक्ये लिहितात. हे द्रव्य फेस करते. हे टिकवते. हे धुऊन टाकायचे आहे, अंगावर ठेवायचे नाही. पुरळ उठल्यास वापर थांबवा आणि हे वेष्टन डॉक्टरांना दाखवा. ही वाक्ये सुंदर नाहीत. पण ती वाचणाऱ्या आईला पुढे काय करायचे ते कळते, आणि त्यांत एकही विशेषण लागत नाही.