परदेशची शिदोरी

परदेशीं जाण्याचे मनोरथ बोलून दाखविणारा एखादा मुलगा आमच्या वर्गांत दरवर्षीं असतोच, आणि त्याच्या वडिलांचा प्रश्नही ठरलेला असतो : तेथें जाण्यास किती शिकावें लागेल? शिकावें तर लागेलच. परंतु तेवढ्यानें तेथें निभाव लागेल काय, हें आम्हांस कोणी विचारीत नाहीं. विचारलें असतें, तर आम्हीं ऑस्ट्रेलियांतील कूपर्स क्रीकची हकीकत सांगितली असती.

तें खंड दक्षिणेकडून उत्तरेस ओलांडण्यासाठीं २० ऑगस्ट १८६० रोजीं बर्क व विल्स यांची मोहीम मेलबर्नहून निघाली. विल्स हा वेधशाळेंत काम केलेला विद्वान तरुण. तारे पाहून आपण कोठें आहों हें तो सांगे. उत्तर किनाऱ्याजवळ पोंचून ते दोघे व किंग नांवाचा शिपाई २१ एप्रिल १८६१ रोजीं कूपर्स क्रीकच्या तळावर परतले, तों तळ रिकामा! तेथील माणसें त्याच दिवशीं सकाळीं निघून गेलीं होतीं.

पुढें अन्न सरत आलें. त्याच नदीकांठीं यांद्रुवांधा लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्यांनीं या पाहुण्यांस मासे दिले. नार्दू नांवाच्या, पाण्याकांठीं वाढणाऱ्या नेच्याच्या दाण्यांच्या भाकरी दिल्या. पण एकदां बर्कनें बंदूक झाडून त्यांस पळवून लावलें! मग हे तिघे आपल्याच समजुतीनें नार्दू दळून खाऊं लागले. पोट भरे, अंग मात्र खंगत जाई. आणि विल्स तें सारें इमानानें रोजनिशींत टिपून ठेवी. तें वाचतांना मनास चटका बसतो. नार्दूंत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारें द्रव्य असतें. तेथील लोक दाणे भाजून, भरपूर पाणी घालून दळीत, म्हणून त्यांस तें बाधत नसे, असें आतांचे संशोधक सांगतात.

वर्गांत हें सांगितलें, तेव्हां भूगोलांत नेहमीं मागें राहणारा एक कोंकणचा मुलगा उठून म्हणाला, “सर, आमची आजी सुरणाला आमसूल घालते, तसेंच हें!” पहिल्या बाकावरील हुशार मंडळींस तें सुचलें नव्हतें. ‘तुम्ही हें कसें खातां?’ हा प्रश्न आमच्या कोणत्याही परीक्षेस येत नाहीं, त्याला कोण काय करणार!

१८६१ च्या जूनअखेरीच्या सुमारास बर्क व विल्स दोघेही मरण पावले. किंग मात्र यांद्रुवांधांस शोधीत गेला. तेथील एका बाईच्या हातास जखम होती, ती त्यानें धुऊन तिला औषध लावलें. तिनें त्यास खाऊं घातलें. सप्टेंबरांत शोधपथक आलें, तेव्हां तो त्यांच्याच वस्तींत जिवंत होता.