लष्करी ट्रक आणि जव्हारचा पाऊस

लष्कराने लिलावात काढलेला ट्रक घेतला की माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा मोठे टायर येतात, मग जोरदार इंजिन, मग टपावर दिव्यांची रांग. या गाड्या दुरुस्त करणारा म्हणून माझं मत वेगळं आहे. आमच्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चढ चढायची ताकद या गाड्यांत मुळातच असते. त्यांना मारतं ते पाणी. म्हणून पहिला पैसा पाणी अडवण्यावर घालावा आणि दुसरा ब्रेकवर.

डिस्पोजलच्या, म्हणजे लिलावात निघालेल्या, जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच जबलपूरच्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ मध्ये पहिला शक्तिमान तयार झाला आणि पुढे १९९६ पर्यंत हा ट्रक बनत राहिला. १९६९ मध्ये जबलपूरलाच व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. निस्सानच्या परवान्यावरची जोंगा जीप आणि वनटन ट्रक हेही जबलपूरचेच. त्यांचं इंजिन सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं, पेट्रोलवर चालणारं. लष्करी नंबरप्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे गाडी कोणत्या वर्षी लष्करात दाखल झाली ते सांगतात. जुनी प्लेट किंवा तिचा फोटो मिळाला तर जपून ठेवा. सुटे भाग शोधताना तो उपयोगी पडतो.

आता पाणी. मोखाड्याकडचा तोरंगण घाट उतरून आलेल्या गाडीचे ॲक्सल चांगलेच तापलेले असतात. तशीच ती ओढ्यात किंवा पाण्याखाली गेलेल्या फरशीवर घातली की ॲक्सलचं हाऊसिंग एकदम थंड होतं. आतली हवा आकसते आणि सील जरा जरी झिजलेलं असलं तरी त्यातून पाणी आत ओढून घेते. ही हवा आत-बाहेर करायला ॲक्सलवर ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की उलटा त्रास सुरू होतो. चढावर गरम झालेली हवा तेलाला बाहेर ढकलते, तेल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक लागेनासा होतो. उपाय स्वस्त आहे. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरना तेलाला टिकणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्यायची आणि टोकाला छोटा फिल्टर लावायचा. लष्करी ट्रकमधली ही मी सर्वांत मोलाची सुधारणा मानतो.

पाणी गेलंय का, हे ओळखायची रीत अशी. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी इंजिन चालू करण्याआधी हाऊसिंगचा ड्रेन प्लग हलकेच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. तेल दुधट दिसलं तर सगळं काढून टाका, नवं भरा आणि सील बदला. नुसतं वरून तेल भरलं तर बेअरिंग गंजतात आणि क्राऊन-पिनियनही जातो.

ब्रेकचं तेलही हवेतली ओल शोषतं. लांब उतारावर ब्रेक तापला की त्या ओलीची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. आमच्या हवेत हे तेल दर वर्षी बदलावं. जुन्या रचनेत बहुधा चारही चाकांना एकच सर्किट असतं. एक नळी फुटली तर सगळेच ब्रेक जातात. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवायचा असेल तर तो जाणकाराकडूनच बसवून घ्या. पाण्यातून बाहेर आलं की थोडं अंतर पेडल हलकं दाबून चालवा, म्हणजे ड्रम सुकतात. उतारावर आधी खालचा गिअर, मग ब्रेक. पुढचा ॲक्सल चिखलात जोडा आणि डांबरी रस्ता लागला की सोडा. जोडलेलाच राहिला तर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण सगळ्या गिअरांवर येते.

पेट्रोल गाड्यांना नवी काळजी लागली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीच्या इंधन पंपाचा डायफ्रॅम त्याने फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल ओल धरतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाण्याचा थर बसतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घाला आणि टाकी अधूनमधून तळातून निथळा.

टायर धरून ठेवणारी रिंग लावलेली चाकं हा जिवाशी खेळ आहे. हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि समोरच्याचा जीव घेते. आधी पूर्ण हवा सोडा, मगच रिंग काढा. भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा आणि स्वतः बाजूला उभे राहा. रस्त्याकडेला घाईत हे काम करू नका.

पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन टाकायची हौस अनेकांना असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्या. कागद नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नका.

लष्करात गाडीची निघण्यापूर्वी, थांब्यावर आणि परतल्यावर अशी तीनदा तपासणी होते. तिला तिथे परेडच म्हणतात. तेल, पाणी, चाकांचे नट, गळती, दिवे एवढंच पाहायचं, पण रोज पाहायचं. या गाड्या इतकी वर्षं टिकल्या त्या या शिस्तीमुळे. गाडी आपल्याकडे येते, शिस्त मागे राहते. म्हणून माझं प्रत्येक मालकाला सांगणं आहे की एक वही करा. कोणतं तेल कधी बदललं, कोणतं सील कुठून आणलं, सगळं त्यात लिहा आणि गाडी विकाल तेव्हा वहीही द्या.

पाऊस संपला आहे. दिवाळीला गाडी धुऊन हार घालाल, त्याआधी एक सकाळ काढून दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या चारही हाऊसिंगचे ड्रेन प्लग उघडून पाहा.