घोड्याची रात्र

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३-२४ मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आणि बारामती-इंदापूरकडच्या धनगरी तट्टांचे दिवस पालटले. कालपर्यंत ज्यांच्याकडे बघून लोक नाक मुरडत होते, त्यांच्यासाठी आता फरशी घातलेले तबेले बांधले जातात, पंखे लागतात, दारावर नावाची पाटी येते. देशातल्या नोंदलेल्या घोड्यांच्या जातींमध्ये ही आठवी. राजा बढे यांच्या गीतात, म्हणजे आजच्या राज्यगीतात, ज्या तट्टांचं नाव आहे त्यांची सरकारदरबारी नोंद व्हायला इतका काळ जावा, याचंच खरं तर नवल. मान्यतेचा आनंद मलाही आहे. पण नवा तबेला बघताना माझं लक्ष पंख्यांवर जात नाही, गव्हाणीवर जातं. संध्याकाळी सातला शेवटची वैरण पडते आणि सकाळी सहाला पुढची. मधल्या अकरा तासांत घोड्याने करायचं काय, याचं उत्तर मला कुठल्याच मालकाकडून धड मिळालेलं नाही. ‘झोपतो की,’ असं बहुतेक जण म्हणतात.

घोडा तसा झोपत नाही. चोवीस तासांत त्याची सगळी झोप मिळून तीन-चार तासांची, तीही तुकड्यातुकड्यांनी, बरीचशी उभ्यानेच. आडवं होऊन गाढ झोपणं फार तर तासाभराचं, आणि त्यासाठी पायाखाली न घसरणारी जमीन हवी, जवळ जागं राहणारं दुसरं घोडं हवं. उरलेली रात्र तो जागाच असतो, आणि मोकळा असेल तर चरत असतो. चरण्यात त्याचे दिवसाचे चौदा ते सोळा तास जातात, त्यातले कितीतरी अंधारात. त्याचं जठर देहाच्या मानाने लहान. त्यात आम्ल अखंड पाझरतं, मग पोटात काही असो वा नसो. ते आम्ल निववणारी लाळ मात्र तोंड चावत असेल तरच सुटते. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून राखणारं अस्तर नाही, म्हणून रिकाम्या पोटी उभ्या केलेल्या घोड्याला व्रण धरतात. त्याची गव्हाण जवळून बघावी. फळीची वरची कड कुरतडून गोल झालेली असते, आणि घोड्याचा ओठ वर केला तर पुढच्या दातांच्या कडा तिरप्या झिजलेल्या दिसतात. फळी दातांत धरून हवा ओढायची, हा त्याचा रात्रीचा उद्योग. आपल्याकडे याला ‘खोड’ म्हणतात आणि गळ्याला पट्टा आवळतात. खोड रक्तातून येते असाही एक पक्ष आहे, आणि काही घराण्यांत ती जास्त दिसते हेही खरं. पण मोकळ्या कळपात हवा ओढणारं घोडं दिसत नाही. कल रक्तात असेलही, त्याला वाव तबेला देतो. वर, बाकीचे शिकतील या भीतीने अशा घोड्याला एकटं बांधतात, म्हणजे दुखण्यावर आणखी एक दुखणं.

आता धनगराच्या वाड्यावरची रात्र घ्या. मेंढरं कोणाच्या तरी रानात खतासाठी बसवलेली, कुत्री भोवताली, आणि घोड्यांना पुढच्या दोन पायांत पायबंद घालून बांधाकडेला सोडलेलं. पायबंदातलं तट्टू पुढचे पाय जोडीने उचलून आखूड उडी घेतं, थांबतं, चार घास ओरबाडतं, पुन्हा उडी. रात्रभरात ते फार लांब जात नाही, पण जागचं हलतही नाही असं होत नाही. शहाण्या माणसांना हा पायबंद क्रूर वाटतो आणि तबेल्यातला मोकळा पाय दयाळू. मला हिशेब उलटा दिसतो. पायबंद घोड्याचं अंतर तोडतो. त्याचं चरणं, आडवं होणं, दुसऱ्या घोड्याची मान खाजवणं यातलं काही तोडत नाही. दहा बाय बाराची खोली पाय मोकळे ठेवते आणि बाकी सगळं काढून घेते. पायबंदाचे दोष मला ठाऊक आहेत. नायलॉनची दोरी घोट्याखाली कातडं कापते, जखमेत माश्या बसतात, चिखलात खूर सडतो. सुती किंवा लोकरी दोरी, रुंद पट्टा, एवढा बदल केला तरी पुष्कळ निभावतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, धनगराच्या घोड्याचे हाल मी मुद्दाम झाकतो. उन्हाळ्यात त्याच्या बरगड्या मोजता येतात, पाठीवर ओझ्याने घट्टे पडतात, जंताचं औषध कधी मिळतं कधी नाही. सगळं कबूल. धनगर घोड्यावर माया करतो म्हणून त्याची रीत चांगली, असं माझं म्हणणंच नाही. त्याला विकतची वैरण परवडत नाही आणि वाडा सतत हलवावा लागतो; भांडी, घोंगड्या, नवी कोकरं, कोंबड्या, लहान पोरं हे सगळं घोड्यावर लादून दिवाळीनंतर मावळतीकडे निघायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं. ही त्याची अडचण. ती घोड्याच्या देहाशी जुळली, एवढंच. आणि या अडचणीनेच जात घडवली. ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात भीमा, नीरा आणि माण या नद्यांकाठच्या घोड्यांना दख्खनी घोड्यांत वरची जागा दिली आहे. त्याला ती लहानखुरी वाटली, तरी वाखाणावीही लागली. ऐटीवर गेला असता तर त्याने ती नोंद केली नसती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. मराठ्यांच्या पागेत घोडी अगाडी-पिछाडी लावून बांधलेलीच असत, दाणाही खात, मग तीच रीत आज वाईट कशी? पण ती घोडी रांगेने, एकमेकांच्या अंगाला अंग लागेल अशी उभी असत, आणि मोहिमेवर रोज मजल दरमजल चालत. छावणीच्या महिन्यांत धोका कुठे आहे हे तेव्हाच्या धन्याला नेमकं माहीत होतं. चिपळूणजवळच्या फौजेला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र रयतेच्या भाजीपाल्याला हात न लावण्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात दाणा-गवत आत्ताच उधळलं तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, ही चिंता आहे. गवत किती दिवस पुरेल याचा हिशेब राजा स्वतः करत होता. आजचा मालक खोगिराचा रंग निवडतो.

बारामती-इंदापुरात गवताचा प्रश्न खरोखर अवघड आहे. नीरेचा कालवा आला, ऊस आला, सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचे कारखाने उभे राहिले. चराऊ माळ उरला तो सुप्याकडे, कडबनवाडीकडे तुकड्यातुकड्यांनी, आणि त्यावर वनखात्याचा हक्क. मग हाताशी येतात उसाचे वाढे. त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून गायीम्हशींनाही वाढे चुन्याची निवळी शिंपडून द्या असं डॉक्टर सांगतात. घोड्याला रवंथ नाही, त्याला ते आणखी बाधतं. अशा चाऱ्यावर फार काळ ठेवलं तर तोंडाची हाडं फुगतात. दुसरं संकट कडबाकुट्टीचं. गोठ्यात ती वरदान, पण घोड्याच्या बाबतीत ती नेमका चावण्याचा वेळ खाते. किलोभर सुकं गवत चावायला घोड्याला चाळीसेक मिनिटं लागतात, तीन हजारांवर वेळा जबडा हलतो. तेवढाच दाणा दहा मिनिटांत संपतो. अर्ध्या बोटाएवढी कुट्टी दाण्याच्याच दिशेने जाते. ज्याच्याकडे दोन गुंठेच आहेत त्याने कुरणाची स्वप्नं बघू नयेत. कडबा अख्खा टाकावा, मारवेल-पवन्याचं सुकं गवत मिळेल तेवढं बारीक डोळ्यांच्या जाळीत भरून रात्री दोन-तीन ठिकाणी टांगावं, म्हणजे घोडा एकेक काडी ओढत जाळीजाळीने फिरतो. दाणा निम्म्याने कमी करावा. माळावर घडलेल्या या तट्टाला हरभरा आणि गूळ सोसत नाही. मानेवर चरबीची वळी चढते आणि एक दिवस खुरांच्या आत सूज येऊन ते पाऊल टाकेनासं होतं. मालक म्हणतो, अंग धरलं होतं हो चांगलं.

राहता राहिली सोबत. बेलवाडीला किंवा इंदापूरला तुकोबांच्या पालखीचं रिंगण पाहणाऱ्याला सोबतीचा पुरावा वेगळा द्यायला नको. लाखाचा गजर, टाळ-मृदंग, पताका. पळून जाण्यासाठीच घडलेल्या प्राण्याने उधळावं असं सगळं जमलेलं असतं. आणि देवाचा बिनस्वाराचा अश्व स्वाराच्या घोड्यामागे रिंगण धरून धावतो. भाविक त्यात जे पाहतात त्याला माझा नकार नाही. मला त्यात एवढंही दिसतं की पुढचा घोडा धावतो म्हणून मागचा निर्धास्त असतो. हाच घोडा वर्षभर एकटा बांधला तर प्लास्टिकच्या पिशवीलाही बुजतो. मेंढ्या, शेळ्या, गाढव, काहीही चालतं त्याला. भीमथडी तर मेंढरांच्या गर्दीतच वाढलेली.

माझी गाडी अडते ती नराशी. घोडी आणि शिंगरं एकत्र ठेवता येतात, नर ठेवता येत नाही, निदान आपल्या जागांत नाही. खच्ची केला की तो कळपात राहू शकतो, त्याची रात्र सुधारते, हे मला पुरतं पटलेलं आहे आणि दुसऱ्यांना मी ते ठासून सांगतोही. पण अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात खच्ची घोड्याकडे कोणी वळून बघत नाही. तिथे नाचरा नर हवा, ढोलावर पाय उचलणारा, मारवाडी असेल तर कानांची टोकं भिडलेली. हा बाजार उथळ आहे असं म्हणायला मला आवडतं. म्हणताना सोयीस्कर विसरतो की नराची मान ज्या कमानीत भरते ती खच्ची घोड्याला येत नाही, आणि माझ्या दावणीला उभ्या असलेल्या नराची ती कमान रस्त्यावरून जाणाऱ्याने थांबून बघावी, ही हौस माझी अजून फिटलेली नाही. त्याच्या भिंतीला मी जाळीदार खिडकी पाडली आहे, पलीकडे घोडी असतात. त्याने त्याची फळी कुरतडणं कमी झालं आहे, थांबलेलं नाही.